विंचवाचा ठसा

माझा भाऊ स्टाकिस रोमच्या टाकसाळीत चांदी तोलायचा, मी तिथेच नाण्यांचे ठसे कोरायचे. एकदा चांदी कमी भरली, तेव्हा टाकसाळीचा प्रमुख मार्कस वेसोनिअस याने त्याला चोर ठरवलं. वेशीबाहेर खांबावर खिळल्यावर स्टाकिसला मरायला तीन दिवस लागले.

पुढच्या महिन्यात तेलवालीने माझं नाणं परत केलं. छिन्नीच्या घावातून तांबं दिसत होतं. "वरून चांदी, आत वहाणेचा खिळा," ती म्हणाली. नाण्यावर वेसोनिअसच्या आजोबांचा चेहरा आणि मानेमागे बेडूक होता. आम्ही दर ठशात वेगळी खूण कोरतो. बेडकाचा ठसा मीच कोरला होता आणि तडा गेल्यावर मोडीच्या पेटीत टाकला होता. त्या पेटीची किल्ली एकट्या वेसोनिअसकडे असे.

चांदी कुठे गेली ते मला कळलं: ती स्वतःकडे ठेवून वेसोनिअस मोडीतल्या ठशाने तांब्याची नाणी पाडत होता. पण मी गुलाम. आमची साक्ष छळ करूनच घेतात, आणि तरी मानत नाहीत. शिवाय बेडकाची अस्सल नाणीही बाजारात फिरत होती. ज्यातून एकही अस्सल नाणं पडलेलं नाही, असा ठसा मला हवा होता.

मी विंचू कोरला. आजोबांची हनुवटी, गालावरचा चामखीळ, सगळं नेहमीच्याच काळजीने. मग कडेला केसाएवढी रेघ ओढली, तडा गेल्याचं सांगितलं आणि ठसा मोडीत दिला. तो हातोड्याने मोडल्याचा आवाज कधी आला नाही.

चौकात नाणी पारखणारा दामा स्टाकिसचा मित्र. विंचू दिसला की काप, एवढंच मी त्याला सांगून ठेवलं. खरं निघालं तर, असं त्याने विचारलं. तर माझा हात काप, मी म्हणाले.

निवडणुकीच्या दिवसांत वेसोनिअस उमेदवाराचा, खडूने पांढरा केलेला अंगरखा घालून, नाण्यांची पिशवी सुट्टी करून घ्यायला दामाच्या मेजापाशी आला. मी दामाच्या मागेच उभी होते. दामाने मेणाची मोहोर तोडून पिशवी मेजावर ओतली आणि विंचवाचं एक नाणं उचलून छिन्नी घेतली.

"ते माझे आजोबा आहेत," वेसोनिअस म्हणाला.

"मग भिताय कशाला, मालक?"

छिन्नी गालावर बसली. आत तांबं. दुसऱ्यातही तांबं, तिसऱ्यातही. लोक जमले. आजोबा तांब्याचे निघाले, कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. हे टाकसाळीतल्या गुलामांचं काम, असं वेसोनिअस सांगू लागला. दामाने पिशवीच्या तुटलेल्या मोहरेचं मेण जोडून सगळ्यांना दाखवलं. त्यावर वेसोनिअसच्याच अंगठीचा छाप होता.

तेव्हा त्याने मला पाहिलं.

"तू कोण?"

"स्टाकिसची बहीण."

"कोण स्टाकिस?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मेजावर अजून दोनएकशे नाणी होती.

"दामा," मी म्हणाले, "सगळी काप. सावकाश."