टॉवेलची एक घडी

फ्रीजरच्या तळाशी, वाटाण्यांच्या पाकिटाखाली एक चपटी निळी पिशवी पडलेली असते. ती मी. मी एक जुनी बर्फपिशवी आहे. खरे तर माझ्या पोटात बर्फ नाही, निळा चिकट लगदा आहे. पण घरात सगळे बर्फपिशवीच म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. मित्रांनो, हरकत घेणे, रुसणे, हरखून जाणे हे माझ्या स्वभावातच नाही. मी गोठते, वितळते आणि पुन्हा गोठते. त्यामुळे माझ्या गोष्टीत रडारड फारशी सापडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका नळीने माझ्यात लगदा भरला, गरम पट्टीने तोंड चिकटवले, संपले बारसे. पुढे औषधांच्या दुकानातून एका इंजेक्शनची सोबत म्हणून मी आणि माझी जुळी बहीण या घरी आलो. जाड पेनासारखे दिसणारे ते इंजेक्शन ताईसाठी होते. ताईला लहानपणापासून दमा, आणि तोही साधासुधा नव्हे. पंप झाले, गोळ्या झाल्या, दवाखान्यातल्या खाटा झाल्या. गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला, पण छातीतली शिट्टी काही थांबली नाही.

ताईची नोकरी बसस्थानकावर, गाड्यांची घोषणा करण्याची. आवाज असा खणखणीत, की हमाल तिला प्रेमाने भोंगा म्हणत. पण "फलाट क्रमांक..." म्हणून ती खोकू लागे आणि खोकला थांबेपर्यंत प्रवासी गाठोडी घेऊन सगळ्या फलाटांवर पळत सुटत. शेवटी साहेबांनी तिला सामानाच्या खिडकीवर बसवले. भोंगा बिघडला, असे हमाल म्हणाले. ताई हसलीही नाही आणि रडलीही नाही. इतकी वर्षे धाप लागून लागून तिला कशाचे काही वाटेनासेच झाले होते. त्या बाबतीत आमचे छान जमले.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावले होते. "धाप लागल्यावर घ्यायचं औषध नाही हे. धाप लागू नये म्हणून आहे. दर महिन्याला घ्यायचं, आणि बरं वाटलं म्हणून पंप सोडायचा नाही." औषधवाल्याने आणखी बजावले होते, "फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. आणायला येताना ही पिशवी गोठवून आणा, पण औषधाला थेट टेकवू नका. मध्ये टॉवेलची घडी ठेवा. एकदा गोठलं की ते कामातून गेलं, पुन्हा पातळ झालं तरी."

हे सगळे ताईने ऐकले. तिचे वडील, आप्पा, त्या वेळी दुकानाबाहेर चप्पल शिवून घेत होते.

घरी इंजेक्शनच्या दिवशी मला दुहेरी काम असे. पेन फ्रीजबाहेर काढून अर्धा तास टेबलावर ठेवायचे, म्हणजे त्याचा गारठा जातो. त्याच वेळी मला फडक्यात गुंडाळून ताई आपल्या मांडीवर ठेवायची. जागा बधिर झाली की सुई कळत नाही. मग ती पेन दाबून धरायची, एकदा टक् व्हायचे, औषध आत गेले की पुन्हा टक् व्हायचे.

"दुखलं का गं?" आप्पा विचारायचे.

"कळलंच नाही."

काही महिने गेले. ताई जिना चढून आली आणि कठड्याला न टेकता तिने कुलूप उघडले. आप्पा बघतच राहिले. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी केल्या, तशी गालांची हाडे दिसू लागली.

"बरं वाटतंय ना?" आप्पांनी विचारले.

"माहीत नाही. सवय नाही ना," ताई म्हणाली.

साहेबांनी तिला पुन्हा माइकवर बसवले. त्या दिवशी आप्पा कुठल्याच गाडीने जायचे नसताना स्थानकाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होते.

आता आप्पांविषयी सांगायला हवे. त्यांचा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला. लाद्या ओढून ओढून त्यांची बोटे मेली होती. गार काय आणि गरम काय, बोटांना कळत नसे. उकळत्या चहाचा पेला ते सहज उचलत. थंडीबद्दल मात्र त्यांना कुणी काही शिकवलेले खपत नसे. "गारव्यानं आजवर कुणाचं नासलं नाही, नासतं ते उष्णतेनं," असे ते म्हणत.

एकदा ताईची दिवसभराची पाळी होती. म्हणून औषध आणायला आप्पा निघाले. ताईने कापडी पिशवीत आमच्यासोबत टॉवेल ठेवला होता. बाहेर ऊन भाजून काढत होते. आप्पांनी दुकानदाराला बोलूच दिले नाही. "बर्फात हयात गेली माझी," असे म्हणून त्यांनी टॉवेल बाजूला काढला, मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला दोन्ही बाजूंनी औषधाच्या खोक्याला घट्ट बांधले आणि वरून सुतळीही आवळली. पोरीचे औषध वाटेत तापू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. मी दगडासारखी गोठलेली होते. वाटेत खोके पांढरे पडत गेले. पेनातले पाणी जागच्या जागी घट्ट झाले. मित्रांनो, मला तोंड असते तरी त्या वेळी मी काय बोलले असते, कोण जाणे.

घरी आल्यावर आप्पांनी सुतळी सोडली. खोक्यावर दव नव्हते, हिम होते. पेनाच्या काचेच्या छोट्या खिडकीत त्यांनी पाहिले, औषध गोठले होते, आणि खोक्यावरचे हिम पुसले तेव्हा खाली छापलेले दिसले, 'गोठल्यास वापरू नये.' बोटांना कळले नव्हते, डोळ्यांना कळले. मग त्यांनी पेन फ्रीजमध्ये ठेवले आणि मूग गिळून राहिले.

ताई कामावरून आली तोवर ते वितळले होते. तिने पेन टेबलावर ठेवले, मला मांडीवर घेतले. खिडकीतले औषध स्वच्छ, नितळ दिसत होते. काही घडलेच नाही असे वाटावे. गप्प राहिले असते तर आप्पांना कुणी काही म्हटले नसते. औषध वाया गेले तर दुसरे लगेच मिळत नाही, पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागते, हेही त्यांना ठाऊक होते. अर्धा तास ते पेनाकडे बघत बसले. ताईने कापसाने मांडी पुसली. पेनाचे टोपण काढायला हात घातला.

"थांब," आप्पा म्हणाले. "गोठलं होतं ते."

ताईचा हात थांबला.

"मी बांधलं. घट्ट." त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. "जन्मभर गोणपाट गुंडाळलं ते बर्फ वाचवायला. बर्फापासून काही वाचवायचं असतं, हे ध्यानातच आलं नाही गं."

ताईने टोपणावरचा हात काढला. मग तिने पेन बाजूला ठेवले. "बरं झालं सांगितलंत," एवढेच म्हणाली. मी अजून तिच्या मांडीवर होते. सुई टोचायची नव्हती, तरी तिने मला खाली ठेवले नाही.

पुढची खेप येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. शिट्टी परत आली, गोळ्या परत आल्या, गाल सुजले. माइकवर दुसराच कुणी बसला. ताई सामानाच्या खिडकीत पावत्या फाडत राहिली. आप्पा जेवायचे, झोपायचे आणि भिंतीकडे बघायचे. घर माझ्यासारखेच झाले होते, थंड आणि मुके. मित्रांनो, मला काही वाटत नाही असे मी म्हणाले खरे, पण त्या दिवसांत मला वाईट वाटले.

औषध आले तेव्हा आणायला कोण जाणार, हा प्रश्नच होता. ताईने कापडी पिशवी आप्पांच्याच हातात दिली.

"मी?" आप्पा म्हणाले.

"मग दुसरं कोण? तुम्हीच जा."

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आप्पांनी औषधवाल्याकडून सगळे दोनदा वदवून घेतले. मला आधी बाहेर घाम फुटेपर्यंत ठेवले, मग टॉवेलची घडी केली आणि ती नीट बसली की नाही हे मेलेल्या बोटांनी न चाचपता गालाला लावून पाहिले. गालाला अजून कळत होते.

आज मी खरोखर जुनी झाले आहे. माझी एक कड सुटत आली आहे आणि आप्पांनी तिला चिकटपट्टी लावली आहे. औषध घेऊन येताना ते अजून स्थानकाच्या बाकावर घडीभर टेकतात, पिशवी मांडीवर घेऊन. आतून मला ऐकू येते, "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल, प्रवाशांनी आपापले सामान सांभाळून बसून घ्यावे." सगळे एका दमात. आप्पा उठायला जरा उशीर करतात.

मित्रांनो, अति तेथे माती, हे मायेलाही लागू आहे. ज्याला जपायचे त्याला काय सोसते, ते आधी विचारा. एक दिवस माझी कड फाटेल, तेव्हा मला खुशाल टाकून द्या. तो टॉवेल मात्र टाकू नका.