भिंतीकडून येणारी खरखर

माझ्या धाकट्या भावाला गिटारचा चांगला आवाज मुद्दाम बिघडवायचा असतो, आणि तो मनासारखा बिघडत नाही म्हणून त्याचं जेवणात लक्ष नसतं. हे मी ओळखीपाळखीत सगळ्यांना हसत सांगायचे. आता हसू येत नाही, पण सांगायची सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमच्या घरात पूर्वी एकच लांबलचक खोली होती. बाबांनी मधोमध लाकडी चौकट उभी केली, दोन्ही बाजूंनी प्लायवूड ठोकलं आणि एकाच्या दोन खोल्या केल्या. भिंतीच्या आतलं वायरिंगही त्यांनीच केलं. आपल्याला सगळंच येतं असा बाबांचा समज होता, आणि ते असेपर्यंत तो खोडून काढायची कुणाची छाती झाली नाही. भिंतीच्या अलीकडे धाकटा राहतो, पलीकडे आई. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आईची डावी बाजू गेलेली आहे. उजव्या हाताने ती फोन उचलते, हीटरचं बटण दाबते, वेळ पडली तर मला धपाटाही घालते. पण पलंगावरून एकटीने उतरता येत नाही. घरात कोणी नसताना काही झालं तर, हा विचार मी रोज दाराला कुलूप लावताना करते आणि किल्लीबरोबर पर्समध्ये टाकून कामाला जाते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. धाकटा पार्सलच्या गोदामात सकाळच्या पाळीला असतो. दुपारी आला की बूटही न काढता कॉम्प्युटर सुरू करतो. गिटारची वायर एका डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरला, आणि आवाज फाडायचं काम कॉम्प्युटरचं. "फाटका हवा ताई, पण चिंध्या नकोत," असं तो मला समजावायचा. मी म्हणायचे, "बरं बाबा, फाड."

सुरुवातीला त्याने गेन, म्हणजे आवाज किती ताणून मोठा करायचा ते चाक, पार शेवटपर्यंत पिळलं. डब्यात माश्या कोंडल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. मग हळूहळू त्याला अक्कल येत गेली. गेन वाटतो त्याच्या निम्माच ठेवायचा. तीच ओळ दोनदा वाजवायची, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात, म्हणजे आवाज आपोआप भरदार होतो. खालची घरघर कापायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गिटारचा कोरा आवाज आधी तसाच साठवायचा, त्याची चिरफाड नंतर करायची. नाही आवडली तर पुसून दुसरी. हे शेवटचं त्याला कानसेनने शिकवलं. कानसेन म्हणजे धाकट्याच्या बँडमधला, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा मुलगा. स्वतःला एक सूर धड वाजवता येत नाही, पण दुसऱ्याच्या गाण्यातली मुंगी शिंकली तरी ऐकू येते, म्हणून हे नाव. त्यांची सगळी गाणी शेवटी जुळवायला त्याच्याकडे जातात.

थंडी सुरू झाली आणि खरखरही सुरू झाली.

गिटार फक्त मांडीवर असायची, तारांना हातही लावलेला नसायचा, तरी स्पीकरमधून बारीक तडतड यायची. धाकट्याने वायर बदलली. फोन लांब ठेवला. ट्यूबलाइट बंद केली. मग गिटार हातात धरून तो खोलीभर गोल गोल फिरला. खिडकीकडे तोंड केलं की तडतड विरायची, आईच्या भिंतीकडे केलं की वाढायची. मी दारात उभी राहून बघत होते. माझा भाऊ गिटार घेऊन भिंतीला काहीतरी विचारतोय असं ते दिसत होतं, आणि भिंत उत्तर देत होती.

"ताई, आईचा हीटर लागला की येते बघ ही."

"मग?"

"मग रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवूया का? थोडाच वेळ."

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या त्या फाटक्या आवाजासाठी आईला गारठवू? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"अगं करू दे की बंद," आई पलीकडून म्हणाली. "माझ्याकडे आहे पांघरूण."

"तू मध्ये बोलू नकोस आई!"

म्हणून हीटर चालू राहिला आणि धाकट्याने गेट बसवलं. गेट म्हणजे कॉम्प्युटरमधला एक दरवाजा. आपण एक मर्यादा ठरवून द्यायची. त्याहून लहान आवाज आला की दरवाजा बंद, मोठा आला की उघडा. गिटार वाजवली की दणदणीत आवाज बाहेर, थांबवली की चिडीचूप. त्याने मला बोलावून दाखवलं. खरंच, तडतडीचा मागमूस नव्हता.

"गेली?" मी विचारलं.

"आहे, पण गप्प बसवली."

सुंठीवाचून खोकला गेला, असं मी तेव्हा म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले.

त्यानंतर त्याने भिंतीला फोम लावला. काळ्या स्पंजाचे जाड चौकोन, गोंद लावून एकाला एक भिडवलेले. खोलीत आवाज घुमू नये आणि पलीकडे आईला त्रास होऊ नये, असे दोन हेतू. भिंतीत गुडघ्याच्या थोडं वर बाबांनी वायरींचे जोड ज्यात कोंबले होते तो चौकोनी डबा होता. त्याचं झाकण कधीचं सैल होऊन लोंबत होतं. तो ओंगळ दिसायचा. धाकट्याने त्याच्यावरही फोम चिकटवला, आणि खोली पहिल्यांदाच कुठल्यातरी स्टुडिओसारखी दिसायला लागली.

आईला त्रास तर झालाच नाही, उलट ती खूश झाली. एका दुपारी म्हणाली, "अगं, ही भिंत ऊबदार लागते. हा वाजवतो ना, त्याने तापते."

"गाण्याने भिंत तापते होय आई?"

"का नाही? एवढी आदळआपट करतो. जाणार कुठे ती ताकद?"

मी आणि धाकटा पोट धरधरून हसलो. मग तो घरातला विनोदच झाला. धाकटा वाजवायला बसला की ओरडायचा, "आई, किती तापवू?" आणि ती पलीकडून म्हणायची, "मध्यम आचेवर ठेव." तिने मला पलंग भिंतीला अगदी चिकटवून घ्यायला लावला. एका दगडात दोन पक्षी, म्हणाली, मुलाचं गाणंही आणि शेकही. गाण्याला सुट्टी असायची, भिंतीला नसायची. धाकटा घरात नसतानाही ती कोमट असायची. हे मला दिसत होतं, पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यात फार अंतर असतं.

आईला अंघोळ घालायला येणाऱ्या नर्सबाईंना तिच्या डाव्या खांद्यामागे लाल चट्टा दिसला. "एकाच कुशीवर पडून राहतात ना, त्याने होतं," त्या म्हणाल्या. मलम दिलं. आईला विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, छे, काहीच नाही. तिची डावी बाजू तिला काही सांगतच नव्हती.

गाणं पुरं होत आलं तेव्हाची गोष्ट. मी चहा घेऊन धाकट्याच्या खोलीत गेले. त्याने गिटार स्टँडवर ठेवली होती, तो कप घ्यायला वळला, आणि स्पीकर एकदम थुंकल्यासारखा वाजला. फट्. मग शांतता. मग पुन्हा फट्, फट्.

"कोणी हात लावला?" मी विचारलं.

"कोणी नाही. खरखर वाढलीय. गेटच्या वर यायला लागली." त्याने कपाळाला आठ्या घातल्या, माऊस हातात घेतला आणि मर्यादा आणखी वर सरकवली. फट् बंद झालं. "बसली गप्प," तो म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. मला कसंसंच झालं. का झालं ते कळलं नाही, म्हणून मी कपाच्या बशीवरून त्याला उगाच झापलं आणि बाहेर आले.

दोन दिवसांनी गाणं कानसेनकडे गेलं. आवाज ऐकून तो वेडाच झाला, असा कडक आवाज आपल्यात कोणाला जमला नव्हता म्हणाला. धाकटा घरभर नाचला. आईचा हात धरून तिला पलंगावरच बसल्या बसल्या नाचवलं. मग कानसेनने कोरे ट्रॅक मागवले, त्याला स्वतःच्या हाताने नव्याने आवाज चढवून बघायचा होता. धाकट्याने तेही पाठवले.

दुसऱ्या दिवशी गोदामात दुपारचा एकजण आला नव्हता म्हणून धाकट्याला दुपारचीही पाळी करावी लागली. तिथे फोन कपाटात ठेवावे लागतात. मी दुकानात एका आजोबांची काच घासत होते. फोन वाजला, नंबर अनोळखी.

"ताई, मी कानसेन. घरी कोण आहे?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी म्हटलं, "आई आहे. का रे?"

"एकटी?"

"अरे, झालं काय?"

"तुमच्या घरात काहीतरी जळतंय, ताई. तारांवर बोट नसताना मागे जी तडतड आहे ना, ती गिटारची नाहीये. त्याने कोरे ट्रॅक ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने मी लावून ऐकले. पहिल्यात बारीक आहे, पुढच्यात वाढली, शेवटच्यात मध्येच तुटते आणि मोठ्याने फुटते. आमच्या तालमीच्या खोलीतला वायरचा जोड जळाला त्याआधी अस्साच आवाज यायचा. त्याने गेट लावलं होतं, म्हणून कुणाला ऐकूच आलं नाही. तो म्हणाला होता, भिंतीकडे वळलं की खरखर वाढते. त्या भिंतीला हात लावून बघा कोणीतरी."

भिंतीला कोण टेकून पडलंय हे त्याला माहीत नव्हतं.

मी मशीन चालूच सोडली. पायऱ्या उतरता उतरता आईला फोन लावला. तिने लगेच उचलला, आवाज एकदम खुशीतला.

"अगं, आज भिंत काय छान तापलीय! मी अगदी पाठ लावून पडलेय. आणि हा तर घरात नाहीये बघ, तरी."

"आई, हीटर बंद कर. आत्ताच्या आत्ता. आणि भिंतीपासून लांब हो."

"लांब कशी होऊ? आणि थंडी वाजेल ना गं."

"आई, बंद कर म्हणते ना!" मी रस्त्यात उभी राहून किंचाळले. माणसं वळून बघायला लागली.

खट् असा आवाज आला. केला बंद, ती रुसून म्हणाली. मग म्हणाली, "तू गॅसवर काही ठेवून गेलीस का? जळका वास येतोय केव्हाचा. मला वाटलं, शेजारी."

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. कुलपात किल्ली जाईना, एवढंच आठवतं. दार उघडलं तर धाकट्याच्या खोलीतून धूर येत होता, फारसा नाही, पातळ, करडा, जमिनीलगत. मी आधी मेन स्विच खाली ओढला आणि आईच्या खोलीत धावले. प्लायवूड चहाच्या रंगाचं झालं होतं, बशीएवढ्या जागेत जवळजवळ काळं. त्या जागेला तिचा डावा खांदा टेकलेला होता. मी पलंग ओढला तेव्हा गाऊनचा तुकडा भिंतीलाच राहिला, आणि त्याच्याबरोबर कातडीही.

"काय गं? काय झालं?" आई माझ्याच तोंडाकडे बघत विचारत होती. तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

हीटर बंद केला नसता तर अर्ध्या तासात भिंतीने पेट घेतला असता, असं नंतर वायरमन म्हणाला. त्याने फोम सोलला. मागचा स्पंज वितळून डांबर झाला होता. डब्यातला बाबांचा जोड सैल झालेला, हीटरचा सगळा भार त्या सैल जोडातून ठिणग्या पाडत जात होता. अलीकडून बाहेर पडायची वाट फोमने बुजलेली, म्हणून ऊब पलीकडे गेली. धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. अजून गोदामाचं जाकीट अंगावर. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, तोंडापर्यंत आलेही होते, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आई बरेच आठवडे हॉस्पिटलमध्ये राहून घरी आली. पाठीवर दुसरीकडची कातडी लावली आहे. नवी वायर भिंतीच्या बाहेरून गेली आहे, उघडी, सगळ्यांना दिसेल अशी. फोम काढला, प्लाय बदललं. पलंग मात्र तिने हट्टाने पुन्हा त्याच भिंतीशी घ्यायला लावला. काय झालं ते आम्ही तिला तीनतीनदा सांगितलं. ती मान डोलावते, पण तिच्या मनात वायर बिघडली ती वेगळी आणि भिंत तापायची ती वेगळी.

काल दुपारी धाकट्याने कितीतरी दिवसांनी गिटार मांडीवर घेतली. वायर जोडली नाही, कॉम्प्युटर लावला नाही, नुसताच बसला. मी शेजारी कपडे घड्या करत होते. तेवढ्यात पलीकडून आईने प्लायवर टकटक केलं.

"बाळा, आहेस ना? वाजव की रे थोडं. भिंत गार पडलीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गिटार बाजूला ठेवली, हात लांब करून तळवा भिंतीवर टेकवला आणि तसाच बसून राहिला.