तीन इंच गेले कुठे?

टेलरबाईंच्या नवऱ्याने रक्तदाबाची गोळी बंद केली, तीही बायकोला न विचारता. पंचवीस वर्षं बस चालवणारा माणूस, आणि भाळला कशावर, तर एका पट्ट्यावर! पोटाला गुंडाळायचा, बटण दाबायचं. तो थरथरतो, घाम निघतो आणि म्हणे चरबी वितळते. वर विकणाऱ्या मास्तरांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "काका, पोट उतरलं की गोळ्यांची गरजच नाही." झालं! मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा.

"अहो, घाम म्हणजे पाणी. दोन ग्लास प्यायलात की गेलेलं वजन परत," बाई म्हणाल्या. "गोळी घ्या बघू मुकाट्याने."

"तुला काय कळतंय त्यातलं? तीन इंच गेलेत माझे. मास्तरांनी फितीने मोजलेत."

हे मात्र बाईंना झोंबलं. अर्धं आयुष्य गळ्यात फीत अडकवून काढलेल्या बाईला मोजण्यातलं कळत नाही? नवऱ्याच्या पँटी त्याच शिवायच्या आणि तीन आठवड्यांत एकीचीही कंबर आत घ्यावी लागली नव्हती. मग हे तीन इंच गेले कुठे? घरी मोजायला गेल्या तर नवरा हात झटकून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. बरं, म्हणाल्या त्या मनात. घरी नाही तर नाही.

रविवारी दुपारी सभागृहात पट्ट्याचा कार्यक्रम होता. डेपोतले निम्मे ड्रायव्हर आले होते आणि स्टेजवर पुरावा म्हणून काका उभे! भिंतीवर त्यांचा पहिल्या दिवसाचा फोटो: अंगात जाड स्वेटर, फीत बरोबर बेंबीवर आणि खाली कंबरेचा आकडा. आता मास्तरांनी शर्ट वर करायला लावला आणि फीत धरली बेंबीच्या चार बोटं वर. काकांनी श्वास आत ओढून पोट पाठीला चिकटवलं. "तीन इंच कमी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करायचा? बाईंचा पाय क्षणभर अडला. पण गोळी बंद होऊन वीस दिवस झाले होते. पदर खोचून त्या तरातरा स्टेजवर चढल्या.

"मास्तर, माझाही हात लागू द्या. रोजचंच काम आहे माझं."

मास्तरांना नाही म्हणता येईना. बाईंनी फीत बेंबीवर आणली. पोट चोरणारी गिऱ्हाइकं त्यांनी ढिगाने पाहिली होती. अशाला नुसतं बोलतं करायचं. बोलणाऱ्याला पोट आत धरता येत नाही.

"अहो, परवा डेपोत बस मागे घेताना खांबाला तुम्हीच ठोकलीत ना?"

"मी?" काका उसळलेच. "अगं, कोण म्हणालं? तो नवा ड्रायव्हर! मी तर दहा वेळा ओरडलो त्याला, आरशात बघ म्हणून..."

काका तावातावाने बोलत होते आणि पोट आपल्या जागी येऊन बसलं होतं. बाईंनी आकडा मोठ्याने वाचला. फोटोखालच्या आकड्यापेक्षा अर्धाच इंच कमी.

"हा अर्धा इंच स्वेटरचा," त्या म्हणाल्या.

सभागृह हसून लोटपोट झालं. मास्तर काहीतरी सांगत राहिले, पण ऐकतो कोण!

घराच्या जिन्याशी येताच काकांचा स्फोट झाला. "चार लोकांत अब्रू घालवलीस माझी!"

"घालवली. पुन्हा घालवीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या अब्रूपेक्षा मला तुम्ही हवे आहात."

काका रागाने भराभरा वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर बाई पोहोचल्या तेव्हा ते पायरीवर बसले होते. कपाळावर घाम, आणि या वेळी पोटाला पट्टा नव्हता.

"आठवडा झाला," ते खाली बघत म्हणाले. "इथवर आलं की धाप लागते. डोकं गरगरतं. बसही दोनदा बाजूला लावली मी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर गोळी घ्यावी लागली असती. बाबा गोळ्या घेता घेताच गेले. मला भीती वाटते गं."

बाई शेजारी बसल्या, काकांचा हात घट्ट धरला आणि धाप ओसरेपर्यंत सोडला नाही. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन करून म्हणाल्या, "आज रविवार, पण दवाखाना उघडा. आम्ही दोघं येतोय."