परतीची वीज

मी एक बॅटरी. होडीच्या पुढच्या फळीखाली बसते, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. काठावरची माणसं पाण्यावरून सरकणारी होडी बघतात, मागे फिरणारा पंखा बघतात आणि म्हणतात, मोटर छान चालते हो. मोटर गुणाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती जे खाते ते माझ्या पोटातून जातं. आज मात्र मला माझ्यापेक्षा जास्त बोलायचं आहे ते मला निवडून आणणाऱ्या बाईबद्दल.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळ्या, त्यांच्यामध्ये आम्ल, वर काळं जाड कवच आणि उचलायला दोन दोऱ्या. गाड्यांमध्ये बसणाऱ्या माझ्या बहिणी एका दमात जोर लावून इंजिन सुरू करतात आणि मग दिवसभर आराम करतात. मला तसा झटका जमत नाही. मला घडवलं ते हळूहळू, तासन्‌तास देत राहण्यासाठी. दुकानात आले तेव्हा माझ्या एका बाजूला साठ अँपिअर-अवरची, म्हणजे कमी वीज साठवणारी धाकटी होती, दुसऱ्या बाजूला दोनशेची थोरली. मी शंभरची, मधली. मधल्यांचं जे होतं तेच माझं झालं. गिऱ्हाईक यायचं, धाकटी स्वस्त म्हणून उचलायचं नाहीतर थोरली दणकट म्हणून. माझ्या अंगावर धूळ बसत राहिली.

एक दिवस दुकानात एक म्हातारा मच्छीमार आणि त्याची सून आली. म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा मुलगा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारा. त्यामुळे सासरा आणि सून दोघं मिळून तलावावर मासे धरायचे. उभं आयुष्य वल्ही मारून अण्णांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी वल्हं मारायचं नाही म्हणून बजावलं होतं. सूनबाईला वल्हवता यायचं, पण जाळी, मासे आणि दोन माणसं एवढा भार घेऊन वाऱ्याविरुद्ध तलाव ओलांडणं एकटीला जमणारं नव्हतं. आणि अलीकडच्या काठाला आता मासा उरला नव्हता. मासा होता पैलतीरावर, कड्याच्या सावलीत. तिथवर जाता आलं नाही तर होडी विकावी लागणार होती. एक जण येऊन ती बघूनही गेला होता.

तलावाचं पाणी गावाला प्यायला जायचं, म्हणून तेलावरच्या इंजिनाला तिथे बंदी. उरली विजेवरची छोटी मोटर. मोटर लगेच ठरली. घोडं अडलं ते बॅटरीवर.

अण्णा म्हणाले, धाकटी घेऊ. हलकी आहे, होडीला भार होणार नाही. दुकानदार सरळ माणूस होता. त्याने सांगितलं की बॅटरीवर जो आकडा लिहिलाय तो सगळा वापरायचा नसतो. निम्मं संपलं की थांबायचं, नाहीतर बॅटरी लवकर म्हातारी होते. सूनबाईने ते नीट ऐकून घेतलं आणि त्याला एकच विनंती केली. मोटर होडीला लावून, पाण्यात चालवून, ती खरंच किती वीज ओढते ते मोजून द्याल का, दादा?

दुकानदार मापयंत्र घेऊन काठावर आला. पाणी शांत होतं. मधल्या वेगात मोटर बारा-तेरा अँपिअर ओढत होती, पूर्ण वेगात तीस. वेग दुप्पटही झाला नव्हता, भूक मात्र दुपटीहून वाढली होती. सूनबाई यंत्राच्या काट्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, वारा सुटलेला असेल त्या दिवशी पुन्हा या.

तो पुन्हा आला. वाऱ्याविरुद्ध तेवढंच अंतर कापायला जवळपास दुप्पट वीज लागली. मला त्या माणसाचंही कौतुक वाटतं. एक बॅटरी विकण्यासाठी कोण एवढ्या खेपा घालतं?

तोवर सूनबाईने आणखी एक उद्योग केला. वाळूची पोती भरली, एक धाकटीच्या वजनाचं, एक माझ्या, एक थोरलीच्या. मग ती पाळीपाळीने होडीत ठेवून पाहिली. शेजारचा मिशीवाला मच्छीमार काठावर जाळं विणत बसला होता. त्याने विचारलं, वहिनी, मासे सोडून आता वाळू धरता का? काठावरचे सगळे हसले. तीही हसली आणि पुढचं पोतं उचललं.

थोरलीच्या वजनाने होडीची मागची बाजू इतकी बसली की लाटेचं पाणी आत आलं. तिथे अण्णांचं म्हणणं खरं ठरलं. माझ्या वजनालाही होडी थोडी मागे झुकत होती. तेव्हा अण्णाच पाण्यात उतरले, होडीभोवती एक फेरी मारली आणि पोतं मागून काढून पुढच्या टोकाला ठेवायला लावलं. मोटर मागे, चालवणारा मागे, मग वजन पुढेच पाहिजे, म्हणाले. होडी अशी सरळ बसली की जणू तिने पाठ ताठ केली. त्यासाठी मोटरपर्यंत लांब आणि जाड वायर लागणार होती. दुकानदार म्हणाला, ती मी करून देतो.

तरीही अण्णा धाकटीवरच अडून बसले. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं बोलत होते. काठावरचं आणि हे, सगळं मी पुढे अण्णांच्याच तोंडून ऐकलं, म्हणून खरं मानते. अण्णांचं म्हणणं, जाऊन येण्यापुरती धाकटी पुरते. वारा आलाच तर येताना मी वल्हं हाणीन की.

 सूनबाई म्हणाली, "अण्णा, या हिशोबात मी तुमचा खांदा धरलेला नाही."

अण्णांना ते लागलं. उठून आत गेले. दोन दिवस सुनेशी धड बोलले नाहीत. ज्या खांद्याने घर उभं केलं तो हिशोबातच नाही, हे ऐकणं सोपं नसतं. सूनबाईने समजूत काढली नाही की शब्दही मागे घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "मला होडीत तुम्ही हवेत, पण तुमचं वल्हं नको. तुम्ही नुसतं पाणी बघून कुठे जायचं ते सांगा. ते मला येत नाही."

अण्णांनी चहा संपवला. कप खाली ठेवत म्हणाले, मधली आण.

अशी मी त्या घरात आले.

माझी नेमणूक झाली फळीखाली, लाकडी खोक्यात, पट्ट्याने घट्ट बांधून. ती बाई मला जपायची कशी, ते सांगते. रोज घरी आलं की आधी मला चार्जरला लावायची, मग स्वतःचे ओले कपडे बदलायची. महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाणी बघायची. वायर जोडायच्या टोकांवर पांढरं साठलं तर जुन्या दातांच्या ब्रशने घासायची. आणि पाण्यावर कधी घाई करायची नाही. जाताना मधला वेग, येतानाही मधलाच. पैलतीराला मासा मिळू लागला. होडी बघून गेलेला माणूस पुन्हा विचारायला आला, तेव्हा अण्णांनी त्याला बसायला सांगितलं, मासे दिले आणि होडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

मग तो दुपारचा वारा आला.

आम्ही पैलतीरावरून निघालो होतो. आभाळ स्वच्छ, पण वारा एकदम समोरून उठला. अण्णांनी डावा हात वर करून उजवीकडे दाखवलं. मिशीवाल्याची होडी तिथे आडवी झाली होती. होडीत तो आणि त्याची बायको. त्याचं एक वल्हं मधोमध मोडलेलं, आणि वारा त्यांना सांडव्याच्या खडकांकडे ढकलत होता. बायको भांड्याने पाणी उपसत होती.

सूनबाईने होडी वळवली. दोर फेकला, मिशीवाल्याने तो बांधला. आता माझ्यावर दोन होड्या आणि चार माणसं. अण्णा म्हणाले, सोड पूर्ण वेगात.

"नाही," ती म्हणाली. "पूर्ण वेगात ही अर्ध्या वाटेत दमेल. तुम्ही मला वारा कमी लागेल अशी वाट दाखवा."

अण्णांनी डोळे बारीक करून पाणी पाहिलं. मग सरळ घराकडे न जाता कड्याच्या आडोशाने जायला सांगितलं. वाट लांबची, पण तिथे लाट मोडत होती. तिने मोटर मधल्या वेगाच्या जराच वर ठेवली. आम्ही इतके हळू सरकत होतो की मागच्या होडीतली बाई रडायला लागली. तिला वाटलं, आपण जागच्या जागीच आहोत. पण अण्णा काठावरच्या झाडांवर नजर ठेवून होते. ते शांतपणे सांगत राहिले, सरकतोय, हे झाड मागे गेलं, आता ते दुसरं.

त्या दिवशी माझं निम्म्याहून बरंच जास्त गेलं. अंगातली ताकद उतरत चालल्याचं मला कळत होतं. मला धाकटीची आठवण झाली. माझ्या जागी ती असती तर कड्याच्या टोकालाच तिचं संपलं असतं, आणि त्यात तिचा दोष नसता. पण मला निवडताना कुणीतरी वाईट दिवसासाठी वीज बाजूला ठेवली होती. तेवढ्यावर आम्ही काठाला लागलो.

मिशीवाला खाली उतरला.  माझा पट्टा सोडला, मला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या घरापर्यंत पोचवलं. ओट्यावर ठेवताना इतकं जपून ठेवलं, जणू झोपलेलं लेकरू.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात गेला, तेव्हा सूनबाईला बरोबर घेऊन गेला.

तेव्हापासून काठावर बॅटरी घ्यायची म्हटलं की लोक आधी तिला विचारतात. ती कुणाला मोठी घे, छोटी घे असं सांगत नाही. विचारते, कुठवर जाणार, किती माणसं, वारा कुठून येतो? आणि शेवटी हळूच विचारते, अडचणीत कोण वल्हवणार?

आता माझं वय झालं. परवा दुकानदाराने तपासून पाहिलं. चार्ज पूर्ण दाखवते, पण थोडं चाललं की धाप लागते. आम्हा बॅटऱ्यांचं हेच दुखणं, ताकद गेली तरी वजन तेवढंच राहतं. नवी आली आहे, माझ्याच मापाची. खोक्यात तिला बसवलं तेव्हा मला जरासं वाईट वाटलं, नाही असं नाही.

मला ते तलावात किंवा उकिरड्यावर टाकणार नाहीत. तुम्हीही माझ्या कुठल्या बहिणीला तसं टाकू नका. आमच्या पोटात विष असतं, आणि ते पाणी कुणाची तरी मुलं पितात. आम्हाला दुकानात परत द्या. आमचं शिसं वितळवतात आणि त्यातून पुन्हा कुणीतरी घडतं.

आज त्यासाठीच निघाले आहे. एक दोरी सूनबाईच्या हातात आहे, दुसरी अण्णांच्या डाव्या हातात. ती म्हणाली होती, मी एकटी नेते. अण्णांनी ऐकलं नाही. दोघं हळूहळू चालत आहेत, तिने आपली पावलं त्यांच्या पावलांशी जुळवून घेतली आहेत. माझा जास्तीत जास्त भार तिने गुपचूप स्वतःकडे घेतलाय. अण्णांच्या ते लक्षात आलेलं नाही, आणि मी काही सांगणार नाही.