जावयाचा शब्द

पडेगावला नानासाहेबांच्या ट्रान्सपोर्टात सहा ट्रक होते आणि सहाही ड्रायव्हरांचा कर्दनकाळ एकच, कडुबा मिस्त्री. सकाळी केबिन पुढं कलंडवून इंजिनात डोकं घातल्याशिवाय तो एकही गाडी फाटकाबाहेर सोडत नसे. पट्टा, पाण्याचे पाईप, वायरी, ऑईल, सगळं हातानं चाचपायचं आणि मगच कागदावर सही. ड्रायव्हर कावले की खेकसायचा, "आरं, वरात चुकायलीय का तुझी? थांब की गुमान!"

त्याची एक रीत होती. डिझेलचा पाईप सांध्यात पाझरतोय असं वाटलं, की सांधा आवळून वर कोरडी चिंधी बांधायची. सकाळी इंजिन थोडं चालवून ती सोडायची. कोरडी निघाली तर गाडी जाणार, ओली निघाली तर उभी राहणार. मग नानासाहेब का आडवे पडेनात!

त्या सोमवारी अशी चिंधी गोकुळच्या गाडीला होती. गोकुळ म्हणजे कडुबाचा जावई, तनुजाचा नवरा. कडुबा पान्हा घेऊन आला, तर केबिन खाली बसलेली आणि गोकुळ निघायच्या तयारीत.

"चिंधी बघून टाकून दिली, मामा. कोरडी ठणठणीत. जळगावला लवकर पोचायचंय."

कडुबानं त्याच्या हातांकडं पाहिलं. हात स्वच्छ होते. इंजिनात हात घातलेल्या माणसाचे हात असे राहत नाहीत, हे त्याला का ठाऊक नव्हतं? दुसरा कुणी असता तर त्याला खाली ओढून सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण हा जावई पडला. भोवती चार ड्रायव्हर चहा पीत उभे. ज्याचे मांडवात पाय धुतले, त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

"जपून जा, जावईबापू," तो म्हणाला आणि त्यानं सही ठोकली. जीभ झडली होती का रे तुझी, कडुबा!

गाडी गेली, पण जीव थाऱ्यावर राहीना. चिंधी टाकली म्हणतो, तर कुठं टाकली? त्यानं सगळं आवार पालथं घातलं. चिंधी कुठंच नव्हती. म्हणजे ती अजून सांध्यालाच होती, आणि सांध्याच्या खालीच तापून लाल होणारा टर्बो. त्यानं फोन लावला. गोकुळ उचलीना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही ताकीद कडुबाचीच. तो लावत राहिला. नवव्यांदा कुणीतरी उचलला.

"तुम्ही कोण यांचे? सिल्लोडच्या पुढं गाडी पेटलीय, काका. लौकर या."

गोकुळ दवाखान्यात नेतानाच गेला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. नानासाहेब ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "कडुबानं तपासलेली गाडी. तिथं माणसाची चूक नाय, दैवच फिरलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कडुबाला फक्त गप्प बसायचं होतं.

पाहुणे पांगल्यावर तनुजा त्याच्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा, गाडी तुम्ही बघितली होती ना? तेवढं सांगा. मग मी कुणाला बोल लावणार नाय."

हो म्हटलं असतं तर पोरीला तेवढाच आधार झाला असता. पण तिच्या तोंडाकडं बघून खोटं बोलवेना.

"नाय बघितली, पोरी."

"मग सही?"

"ते बघितली म्हणले. हात कोरे दिसत होते त्यांचे, मला कळलं होतं. पण जावयाला लोकांत उतरवून खोटं कसं पाडू? त्यांचा मान..."



"आठ दिवस रुसले असते, बाबा," तनुजा म्हणाली. "मग आले असते की जेवायला."