पुण्याचे साहेब कधीही येतील

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. कणकवलीची लीला तायशेटे उद्याच्या मास्तरांना शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. वेगवेगळ्या वाड्यांची मुलं एकाच बसकरपट्टीवर बसली तर काय होतं, हा तिचा विषय. प्रबंधात हेच वाक्य अर्धं पान खायचं, कारण सोपं लिहिलं असतं तर तिच्या मार्गदर्शकांना, म्हणजे पुण्याच्या साहेबांना, संशय आला असता.

अभ्यासासाठी तिने तोंडवलीच्या वाटेवरचं एक गाव धरलं. नाव सांगत नाही, माणसं रागीट आहेत. तिथल्या शाळेत देवळाकडची मुलं फळ्यापाशी बसत, गाबीतवाडीची, म्हणजे मासेमाऱ्यांची, मध्ये, आणि खालच्या वाडीची दारात, चपलांच्या शेजारी. असं बसा म्हणून कुणीच सांगितलेलं नाही, असं झाडून सगळे सांगत.

लीला पहिल्यांदा गेली ती कळवून. मुलं अशी सरमिसळ बसली होती की तिला भरून आलं. दुसऱ्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला परत गेली, तर सगळी आपापल्या जागी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडमास्तर दाजी गुरुजींनी मान खाली घातली.

"पाहुणे येतात तेव्हा एवढं करतो आम्ही, बाई," ते म्हणाले.

दुसरी एखादी रडली असती, नाहीतर वर तक्रार करून मोकळी झाली असती. लीलाच्या डोक्यात भलताच किडा वळवळला. ती तडक शाळा समितीचे अध्यक्ष अप्पा यांच्या घरी गेली. अप्पांना शाळेला नवी खोली हवी होती आणि त्या खोलीवर स्वतःच्या वडिलांचं नाव.

"अप्पा, पुण्याचे माझे साहेब शाळा बघायला येणार आहेत. त्यांच्या शब्दाला वर मान आहे."

"कधी येतले?"

"ते कधी सांगत नाहीत. अचानकच येतात."

साहेबांच्या हे गावीही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून अप्पा स्वतः काठी घेऊन शाळेत हजर! "तू हंय बस, तू थंय बस, सायब आज येतीत!" आयुष्यभर सोवळं सांभाळणारा हा माणूस रोज सकाळी जातीने मुलांची सरमिसळ करू लागला. त्यांची नात आनंदी खालच्या वाडीच्या सावित्रीशेजारी आली. दोघी आधी कडाकडा भांडल्या, मग एकमेकींची पेन्सिल चघळू लागल्या.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, साहेब काही आले नाहीत. लीला अधूनमधून जाऊन "या आठवड्यात येतील बहुतेक" अशी फुंकर घालून यायची. प्रबंध जाडजूड होत चालला होता आणि तिची थापही. ती उघडी पडली तर पीएचडी गेलीच. त्याहून वाईट म्हणजे सावित्री पुन्हा चपलांशेजारी जाणार, या विचाराने तिला झोप लागत नसे.

आणि मार्चमध्ये साहेब खरंच आले! मालवणला कुणाचं तरी लग्न होतं. जाता जाता जीपमध्ये लीलाला घातलं आणि थेट शाळेत. तिला निरोप धाडायलाही सवड मिळाली नाही. वर्ग बघून साहेब खूश झाले. तेवढ्यात काळा कोट चढवत अप्पा धावत आले.

"या, या! वर्षभर तुमचीच वाट बघतोय!"

"माझी? मी तर कालच ठरवलं."

लीलाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दाजी गुरुजी खाकरले. "आमच्याकडे पाहुण्यांची वाट आधीपासूनच बघतात, साहेब," ते म्हणाले. साहेब मनापासून हसले, शहाळं प्यायले, खोलीसाठी शब्द टाकतो म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले.

धुरळा खाली बसायच्या आत अप्पांनी कोट काढला.

"सुटलो! झाला मां आता? उद्यापासून पोरां आपापल्या जाग्यार बसतली."

लीलाने तोंड उघडलं, पण वर्षभर थापा मारणाऱ्या बाईला ऐन वेळी एक थाप सुचेना. दारात आनंदी आणि सावित्री ऐकत उभ्या होत्या.

"तसा चलाचा नाय, अप्पा," दाजी गुरुजी शांतपणे म्हणाले. "साहेब जीपकडे माका सांगून गेले, परत येतले म्हणान."

"कधी?"

"ता काय सांगूक नाय."

अप्पांनी एक शिवी गिळली, काठी उचलली आणि घरची वाट धरली. लीला गुरुजींपाशी आली.

"गुरुजी, मी जीपशीच उभी होते. साहेब असं काही बोलले नाहीत."

गुरुजी तिच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. आज पहिल्यांदाच मालवणीत बोलले.

"बाई, तुमची थाप माका पयल्याच म्हयन्यात कळली. पण तुमची पीएचडी झाली काय तुमी हंयसर येवचास नाय. मगे ह्या सायबाक कोणीतरी सांभाळूक होयो मां?"

लीलाचे कान लाल झाले. या गावची ही शेवटची फेरी, असं तिने सकाळी जीपमध्ये बसतानाच ठरवून टाकलं होतं.