ऐकलं नाही त्यानं

स्कूटर पळवायची असेल तर कानवाल्यांकडे जा, असं त्या भागातला कुणीही सांगे. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. गॅरेजच्या पाटीवरचं नाव केव्हाच उडालं होतं आणि ते पुन्हा रंगवावं असं खुद्द त्यांनाही वाटलं नव्हतं. माणूस तसा साधा, पण धंद्यातला तोरा असा की विचारू नका. दुसरे मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघतात, मीटर लावतात, पुस्तक उघडतात. कानवाले यातलं काहीएक करत नसत. स्टुलावर बसत, डोळे मिटत, मान जराशी कलती करत आणि इंजिन ऐकत.

त्यांची पद्धत आधी सांगून टाकतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. इंजिनाला पेट्रोल जास्त मिळालं की ते सुस्तावतं, भरपेट जेवलेल्या माणसासारखं. कमी करत गेलं की चपळ होतं, जोर धरतं. पण फारच उपाशी ठेवलं तर आतून तापतं आणि खडखडायला लागतं, डब्यात बारीक खडे घालून हलवल्यासारखं. त्या खडखडीकडे काणाडोळा केला की पिस्टन तापून फुगतो आणि पळत्या गाडीत जागच्या जागी अडकतो. तर कानवाले काय करायचे, पेट्रोल ज्या छोट्या पितळी जेटमधून जातं ते एकेक नंबरानं बारीक करत जायचे. खडखड आली रे आली की एक नंबर मागे यायचे आणि थांबायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "सुरात आहे." एकदा 'सुरात' म्हटलं की संपलं, त्यावर कुणी ब्र काढत नसे.

त्यांचा साडू शिंपी होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगानं काडी, स्वभावानं त्याहून मऊ. दिवसभर मशीनवर वाकून लोकांच्या पँटी शिवायचा आणि कुणी चढ्या आवाजात बोललं तर स्वतःच माफी मागायचा. कानवाले त्याची मनसोक्त टर उडवत. शिंपीबुवा म्हणत, सुताचा गुंडा म्हणत. पण हा सुताचा गुंडा स्कूटरवर बसला की वेगळाच व्हायचा. पाठ ताठ, नजर पुढे, हातात थरथर नाही. आयुष्यात त्याला तेवढं एकच वेड होतं. म्हणूनच जुन्या विमानतळाच्या पट्टीवर दर वर्षी स्कूटरची शर्यत होते तिच्यासाठी कानवाल्यांनी यंदा स्वतः गाडी बांधली आणि तिच्यावर बसवायला साडूलाच निवडलं. वजनाला बरा आहेस म्हणाले. खरं कारण असं की तो चांगला चालवायचा, पण हे तोंडावर कबूल करतील तर ते कानवाले कसले?

गाडी मात्र देखणी झाली होती. सिलिंडरचे पोर्ट घासून मोठे केले, मोठा कार्ब्युरेटर बसवला, पोट फुगलेला सायलेन्सर स्वतः वेल्डिंग करून जोडला, नको तो पत्रा कापून टाकला. सीटचं कव्हर साडूनं शिवून आणलं. त्याची टीप बघून कानवाले काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली.

चाचणीची फेरी मारून साडू परतला तेव्हा गॅरेजात नेहमीच्या गिऱ्हाइकांची टोळी बसली होती. हेल्मेट काढून तो चाचरत म्हणाला की जोर भरपूर आहे, पण मूठ पूर्ण पिळली की आतून काहीतरी वाजतंय. कानवाल्यांनी पुन्हा स्टुलावर बसून ऐकलं. त्यांना काहीच वाजताना ऐकू आलं नाही. उलट इंजिन इतकं गुळगुळीत लागलं की त्यांनी जेट आणखी एक नंबर बारीक केलं. मग डोळे उघडून म्हणाले, तुझे दात वाजत असतील, तोंड मिटून चालव. टोळी खो खो हसली. साडूही हसला. गाडी सुरात होती.

शर्यतीच्या दिवशी ती गोळीसारखी सुटली. अर्ध्याहून जास्त पट्टी पार झाली, बाकीचे मागे पडले, आणि कानवाले हात वर करून ओरडणार तेवढ्यात मागचं चाक करकचून अडकलं. गाडी आडवी झाली. साडू फरफटत गेला आणि उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं, खांद्याचं हाड मोडलं. शिंप्याचा उजवा हात तो!

लोक धावले. कुणीतरी विचारलं, अहो झालं तरी काय? आणि कानवाल्यांच्या तोंडून शिंक निसटावी तसं निघून गेलं, "मी बजावलं होतं, एकदम पिळू नकोस म्हणून. ऐकलं नाही त्यानं."

असं काही त्यांनी बजावलं नव्हतं. शर्यतीत गाडी पिळायची नाही तर काय ढकलत न्यायची? पण शब्द गेला तो गेला. स्ट्रेचरवर पांढराफटक पडलेल्या साडूनं तो ऐकला, मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो, चुकलंच माझं."

तिथेच बोलायला हवं होतं. कानवाले बोलले नाहीत. त्यांना वाटलं, आता घाई आहे, नंतर बोलू. पण अशा गोष्टींना नंतर नसतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळीकडे झालं. टोळीत तेच, चहाच्या टपरीवर तेच. मेहुणीला हॉस्पिटलच्या दारातच कुणीतरी सांगितलं आणि तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं. भाऊजी एवढं जिवाचं रान करून गाडी बांधतात आणि तुम्ही त्यांचं साधं सांगणं ऐकत नाही. साडू निमूट ऐकून घेत होता. कानवाले खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि फरशीच्या चिरा बघत होते.

त्यानंतर ते साडूकडे फिरकलेच नाहीत. कामाचा रगाडा आहे म्हणून बायकोला सांगत. काम कसलं? मोडकी गाडी ताडपत्रीखाली कोपऱ्यात पडली होती आणि ते तिच्याकडे पाठ करून बसत. शेवटी एका दुपारी टोळी पांगल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि इंजिन उघडलं. मनातून आशा होती की दोष दुसऱ्या कशात तरी निघेल. ऑइल कमी पडलं असेल, बेअरिंग गेलं असेल, पिस्टनच खोटा मिळाला असेल.

तसलं काही नव्हतं. प्लग खडूसारखा पांढरा, पेट्रोल कमी पडल्याची खूण. पिस्टनची कड उंदरानं कुरतडावी तशी खाल्लेली. अशी कड एका क्षणात होत नाही. बराच वेळ खडखडत राहिलं की मगच होते. म्हणजे चाचणीत ती वाजत होती. ते स्टुलावर डोळे मिटून बसले होते तेव्हाही वाजत होती, त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर.

 तरी माणूस हट्टी. त्यांनी कोपऱ्यातली एक जुनी स्कूटर ओढली, तिचं जेट मुद्दाम नको इतकं बारीक केलं, चालू केली, मागचा ब्रेक दाबून इंजिनावर भार दिला आणि पिळली. लांब स्क्रूड्रायव्हर सिलिंडरला टेकवून मूठ कानाला लावली. ऐकू आला तो एक भरीव, मऊ आवाज. सुरात होती! क्षणभर त्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात मागच्या दारातून बायको आली. तिनं खांद्याला धरून त्यांना हलवलं आणि हातानं बंद करा, बंद करा अशी खूण केली. गाडी थांबल्यावर म्हणाली, त्या इंजिनात खडे भरलेत का? घरात भांडी घासताना ऐकू येतंय मला.

ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या लगेच ध्यानात आलं. ओले हात पदराला पुसत ती उगाच इकडेतिकडे बघायला लागली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

माहीत होतं. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाही, फोन तीच उचलते, बारीक आवाजात कुणी बोललं की ते नुसती मान डोलावतात, सगळं माहीत होतं. जन्मभर उघड्या सायलेन्सरांजवळ कान नेऊन बसल्यावर दुसरं काय होणार? बोलायचं कितीदा तरी मनात आलं होतं तिच्या. "पण सगळं जग तुम्हाला कानवाले म्हणतं," ती म्हणाली. "मी कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसती लाज वाटली, उघड्यानं रस्त्यात उभं राहिल्यासारखी. त्यांनी पिस्टन रुमालात गुंडाळला, हात धुतले आणि साडूच्या घरची वाट धरली. वाटेत दोघातिघांनी हटकलं, साडू कसा आहे म्हणून. त्यांनी त्यांच्या तोंडाकडे न बघता बरा आहे म्हणून सांगितलं.

साडू खिडकीशी खुर्चीत बसला होता. हात गळ्यात, प्लास्टर बोटांपर्यंत. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मेहुणी आतल्या खोलीत त्याच्या अर्धवट राहिलेल्या कपड्यांना काजं करत होती. कानवाल्यांना बघून साडूचा चेहरा असा उजळला की त्यांना तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

बसल्या बसल्या तोच बोलायला लागला. साडूभाऊ, तुमची एवढी मेहनत मातीत घातली मी. आता कानाला खडा. हेल्मेट देऊन टाकलं कुणाला तरी. आपल्या हातात ती कला नाही, आपण सुईदोऱ्यातच बरे. हे सगळं तो हसत हसत सांगत होता आणि डावा हात मांडीवर नुसता फिरवत होता.

कानवाल्यांनी रुमाल सोडला आणि पिस्टन त्याच्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पाठ केल्यासारखं सगळं एका दमात बोलून टाकलं. दोष पिळण्याचा नाही. जेट बारीक होतं. खडखडत होती. तू सांगितलंस तेव्हाही खडखडत होती. मला ऐकू येत नाही.

साडूनं पिस्टन हातात घेतला नाही. त्यानं आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि तोंड कानवाल्यांच्या जवळ आणलं. हा आपल्याशी कायम जरा मोठ्यानं बोलतो, हे कानवाल्यांनी पूर्वीही पाहिलं होतं. मशीनच्या आवाजानं लागलेली सवय, असं ते समजत आले होते.

"मला माहीत आहे, साडूभाऊ," तो म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

मग त्यानं अडखळत सांगितलं. तुमच्याकडून गाडी नेली की लोक पुलाखालच्या गॅरेजात थांबतात. तिथला मेकॅनिक तुमचाच जुना शिष्य आहे. जेट दोन नंबर मोठं करून देतो आणि वर बजावतो, उस्तादांना कळू देऊ नका. टोळीतले सगळे तसंच करतात. ट्यूनिंग तुमच्याच हातचं हवं असतं त्यांना, तुमच्यावर जीव आहे त्यांचा. फक्त नंतर तिकडे जाऊन येतात.

कानवाल्यांना टोळीचे चेहरे दिसायला लागले. मान डोलावणारे, वाहवा करणारे, आणि कोपऱ्यावर वळल्यावर पुलाखाली थांबणारे. इतके दिवस ते ज्याला मान समजत होते ती दया होती. चेहरा कानशिलांपर्यंत तापला.

"आणि तू का नाही गेलास?" त्यांनी विचारलं.

साडू जरा ओशाळला. "मला ते बरं वाटलं नाही," तो म्हणाला. "आपल्या माणसाचं काम उसवून दुसऱ्याला दाखवायचं म्हणजे..."

 कानवाल्यांना वर बघवेना. ज्याची उठता बसता टिंगल केली तो एकटा त्यांचं काम आहे तसं घेऊन पट्टीवर उतरला होता. आणि हात मोडून पडला तेव्हा त्याच्याच माथी त्यांनी खापर फोडलं होतं.

साडू घाईघाईनं सांगत होता, आत काही बोलू नका. ती रागावते मला, रागावू दे, सवय आहे. पण खरं कळलं तर तुमच्या दाराची पायरी चढणार नाही. बहिणी बहिणींत बिघडेल. कशाला? माझं काय, मी तसाही गाडी सोडलीच आहे.

तेवढ्यात मेहुणी बाहेर आली. कट्ट्यावरचा पिस्टन तिनं बघितला, पण तिला त्यात काय कळणार? तिनं आल्या आल्या नेहमीची तक्रार सुरू केली. डॉक्टरांनी बोटं हलवू नका म्हणून सांगितलंय तरी हलवतात. "भाऊजी, तुम्ही तरी समजवा. हे कुणाचं ऐकतच नाहीत हो."

साडू त्यांच्याकडे बघत होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"ऐकतो तो," कानवाले म्हणाले. "मीच ऐकत नाही. गाडी वाजतेय म्हणून तो सांगत होता, मी त्याची टर उडवली. मला ऐकू येत नाही. आणि पट्टीवर त्याच्याबद्दल बोललो ते खोटं बोललो. मी त्याला काही बजावलं नव्हतं."

मेहुणीच्या हातात शर्ट होता. तो तिनं हळूहळू घडी घातला. मग खिडकीकडे तोंड करून ती काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले त्यांना दिसले, एवढंच. साडूनं मान खाली घातली. एरवी कानवाल्यांनी मान डोलावली असती आणि वेळ मारून नेली असती.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

ती वळली. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, शेजाऱ्यांना जाईल इतक्या मोठ्यानं तिनं पुन्हा सांगितलं, "म्हटलं, यांना नावं ठेवलीत ती चारचौघांत. आता हे मला एकटीला घरात येऊन काय सांगताय?"

शेजारच्या खिडकीत एक डोकं वर आलं. कानवाल्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी पिस्टन उचलून पुन्हा रुमालात बांधला आणि उठले. टोळी जमायची वेळ झाली होती. गॅरेजकडे चालताना ते रस्ताभर मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होते, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.